आईचा पंजाबी कान

माझी आई पंजाबी ऐकायला शिकली. बोलायला नाही. आजही तिला पंजाबीत दोन वाक्यं सलग बोलायला सांगितली तर ती हसून पदर तोंडाशी धरते. पण ऐकण्यात आमच्या गल्लीत तिच्याइतकं कुणालाच जमलं नाही, आणि त्यात पंजाबी घरात जन्मलेली माणसंही आली. ज्या वयात आणि ज्या कानांनी तिला हे जमलं, ते आठवलं की मला अजून नवल वाटतं.

आमचं घर रायपूरच्या गुढ़ियारीत आहे. वडील रेल्वेच्या मालधक्क्यावर बाबू होते. आम्ही मूळचे भंडाऱ्याकडचे. घरात नागपुरी वळणाची मराठी, दाराबाहेर हिंदी, भाजीवालीशी छत्तीसगढी. मी कॉलेजात असताना शेजारच्या घरात एक पंजाबी कुटुंब राहायला आलं. त्यांचे ट्रक होते. त्या घरच्या बाईंना त्यांची मुलं बीजी म्हणायची, म्हणून आम्हीही बीजीच म्हणू लागलो. दोन्ही गच्च्यांच्या मध्ये कमरेएवढी भिंत होती, आणि बायकांची सगळी ओळखपाळख त्या भिंतीवरूनच व्हायची.

पहिल्याच हिवाळ्यातली गोष्ट. आई गच्चीवर तांदूळ निवडत बसली होती. पलीकडून बीजींनी डोकं वर काढलं आणि विचारलं, "तुहाडे पासे तुप्प है?"

आईला एवढंच कळलं की तूप आहे का, असं विचारताहेत. ती खाली आली आणि मला म्हणाली, "पाय वं, ओळख ना पाळख, डायरेक्ट तूप मांगून राहिली."

"मग देणार का?"

"आता मांगितलं त देतोच ना. नवीन आहे बिचारी."

तिनं वाटीभर तूप भिंतीवरून दिलं. बीजींनी वाटीकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि वाटी घेतली. दुसऱ्या दिवशी तीच वाटी आपल्या डिंकाच्या लाडवांसारख्या त्यांच्या घरच्या लाडवांनी भरून परत आली. आणि वाटीमागून बीजी स्वतःच दारातून आल्या, आमच्या गच्चीवर चढल्या, आणि उन्हात चटई टाकून ऐसपैस बसल्या. मग सूर्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "तुप्प!"

त्यांना ऊन हवं होतं. त्यांच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीची सावली पडायची. धूप या शब्दाला त्या तुप्प म्हणत होत्या.

दोघी हसून हसून बेजार झाल्या. पण आईच्या मनातून ती गोष्ट गेली नाही. थोड्या दिवसांनी तिनं आपल्या हिंदीत त्यांना सरळ विचारलं, "आप ध को त काहे बोलते हो?"

बीजींना हे अगदी लागलं. "मैं त कदों बोल्या? मैं तां तुप्प बोल्या!"

त्या खोटं बोलत नव्हत्या. स्वतःच्या कानांनी त्यांना तिथे ध ऐकू येत होता. आम्हाला येत नव्हता. आईला त्या 'पैणजी' म्हणायच्या, आणि आम्ही कितीतरी महिने समजत होतो की हा काही खास पंजाबी मानाचा शब्द असेल. तो साधा बहिणीचा 'भैणजी' होता.

एका दुपारी बीजींनी आईला याचं मर्म दाखवलं. पंडितासारखं समजावून सांगणं त्यांना येत नव्हतं. त्यांनी आईचं मनगट हातात घेतलं आणि म्हणाल्या, "कम्म कर." हात होता तिथेच राहिला. मग म्हणाल्या, "कर जा," आणि हे म्हणताना त्यांनी आईचं मनगट खाली दाबलं. पहिला 'कर' म्हणजे काम कर. दुसरा म्हणजे घर. अक्षरं तीच. दुसऱ्यात आवाज मात्र आधी बुडी मारून वर येत होता. मी शेजारीच बसले होते आणि मला दोन्ही अगदी एकसारखे ऐकू आले. मी म्हटलं, "काही फरक नाही यांत."

आई म्हणाली, "आहे. थोडा आहे. फिर से बोलो जी."

शाळेत आपण ज्यांना महाप्राण म्हणायला शिकतो, त्या घ, झ, ढ, ध, भ या जड अक्षरांचा भार पंजाबी माणूस शब्दाच्या सुरुवातीला जिभेवर ठेवत नाही. तो भार आवाजाच्या चढउतारात उतरतो. जड अक्षर सुरुवातीला असेल तर आवाज खाली जातो, शब्दात मागे असेल तर वर. हे मी पुढे समजून घेतलं. आईला ते असं शब्दांत कधी सांगता आलं नसतं. ती आमच्या वस्तीतल्या विहारात दर रविवारी वंदना सांगते, सगळ्यांच्या पुढे बसून. कुणाचा आवाज कुठे घसरला हे तिला न पाहता कळतं. त्या सवयीनं तिला मदत केली असावी. तांदूळ निवडता निवडता ती पुटपुटायची, कर, कर, आणि दुसऱ्या वेळी मान किंचित खाली घालायची.

तिनं एक प्रश्न मात्र फार चांगला विचारला होता. बीजींच्या यजमानांना आम्ही पापाजी म्हणायचो. त्यांचा आवाज ट्रकच्या इंजिनासारखा खर्जातला. आई म्हणाली, "पापाजी का तो पूरा आवाजच नीचे है. फिर उनका घर कैसा समझेगा और उनका कर कैसा समझेगा?"

बीजींनी गच्चीवरूनच खाली हाक मारली आणि पापाजींना दोन्ही शब्द म्हणायला लावले. बिचारे हिशेब सोडून अंगणात उभे राहिले आणि मान वर करून म्हणाले, "कर. कर." आईनं डोळे मिटून ऐकलं आणि दुसऱ्या 'कर'ला म्हणाली, "हे घर." बरोबर होतं. ज्याचा त्याचा आवाज कुठे आहे ते कान आधी पकडतो आणि मग तिथून तो खाली गेला की वर, हे बघतो. लहान मुलीचं घर आणि पापाजींचं घर यांच्या आवाजात जमीनअस्मानाचं अंतर, पण बुडी तीच.

अशी वर्षं गेली. माझे वडील गेले, पुढे पापाजीही गेले. मी नोकरीला लागले, आता नवा रायपूरच्या एका सरकारी ऑफिसात आहे. बीजींच्या मुलानं ट्रक विकून सिलतऱ्याला लोखंडाचा व्यवसाय धरला. तो बीजींशी पंजाबीत सुरू करून हिंदीत संपवायचा. त्याची बायको जबलपूरची. तिच्या माहेरी हिंदीच. ती मनानं फार चांगली आहे, मी तिला भाभी म्हणते.

सत्तरी ओलांडल्यावर आईला ऐकू येणं कमी झालं. आधी आम्हाला वाटलं लक्ष देत नाही. मग मी आवाज चढवू लागले. एक दिवस ती वैतागून म्हणाली, "कायले ओरडून राहिली? आवाज येते मले. शब्द येत नाही."

मला ते तेव्हा नीट कळलं नाही. कानाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं तेव्हा कळलं. म्हातारपणी बहुतेक वेळा बारीक, टोकदार आवाज आधी जातात. स, श, फ, त, क यांच्या कडा झिजतात. माणूस बोलतोय हे कळतं, रागावलाय की लाडात आहे हे कळतं, पण 'साखर' की 'भाकर' हे कळत नाही. जाड, घुमणारा आवाज मात्र बराच काळ टिकून राहतो. डॉक्टरांनी मशीन सुचवली. आई म्हणाली पाहू.

आणि त्याच सुमारास बीजींना लकवा झाला.

इस्पितळातून त्यांना घरी आणलं तेव्हा उजवा हात लुळा होता, तोंड एका बाजूला ओढलं होतं आणि जीभ जड झाली होती. सगळ्यात विचित्र म्हणजे त्यांची हिंदी गेली होती. एवढी वर्षं रायपुरात राहून, भाजीवालीपासून बँकेपर्यंत ज्या हिंदीत त्यांनी संसार केला, ती भाषा जणू कुणी उचलून नेली. आपण हिंदीत बोललेलं त्यांना थोडंथोडं कळायचं, पण तोंडातून यायची ती पंजाबी, आणि तीही पुसट. त्यांना पुढच्या खोलीत पलंगावर ठेवलं होतं. दिवसभर त्या काहीतरी सांगायच्या, भाभी धावत यायची, आणि दोघी रडकुंडीला यायच्या.

घरी आणल्यावर पहिल्याच रविवारी आई आणि मी भेटायला गेलो. भाभी दारातच म्हणाली, "आंटी, दो दिन से एक ही बात बोल रही हैं. कड़ी, कड़ी. मैंने कढ़ी बनाई. सामने रखो तो हाथ से हटा देती हैं. इन्होंने दरवाज़े की कड़ी खोलकर दिखाई, लगाकर दिखाई. वो भी नहीं."

आत बीजी पडल्या होत्या. आईला पाहून त्यांचे डोळे भरले. आईनं स्टूल ओढलं, पलंगाला टेकवलं, आणि आपला डावा कान, जो त्यातल्या त्यात बरा होता, त्यांच्या तोंडाजवळ नेला.

"बोलो जी."

बीजी काहीतरी म्हणाल्या. मला ऐकू आलं ते 'अड़ी' किंवा 'कड़ी'. भाभी म्हणाली, "सुना? कढ़ी."

आईनं हात वर करून तिला थांबवलं. "एक बार और."

बीजी पुन्हा म्हणाल्या. आईनं डोळे मिटले होते. तिचा उजवा हात मांडीवर होता, तो हळूच खाली गेला आणि किंचित वर आला. मग तिनं डोळे उघडले आणि माझ्याकडे वळून मराठीत म्हणाली, "कढी नाही वं हे. कढीत ह मागून येते, त्यात आवाज वर चढते. हे खाली गेलं. खाली गेलं म्हणजे घ. घडी म्हणून राहिली ते."

मी भाभीला म्हटलं, "घड़ी मांग रही हैं."

"घड़ी?" भाभीनं भिंतीकडे पाहिलं.

बीजींनी डाव्या हातानं आपलं उजवं मनगट धरलं. तिथे त्या नेहमी एक छोटं सोनेरी पट्ट्याचं घड्याळ बांधायच्या. आंघोळीपुरतं काढायच्या, एरवी नाही. इस्पितळात नर्सनं ते काढून दिलं होतं आणि ते औषधांच्या पिशवीत तळाशी पडून होतं. भाभीनं पिशवी पलंगावर उलटी केली, घड्याळ काढलं, आणि लुळ्या मनगटावर बांधलं. बीजींना ते डोळ्यांसमोर नेता येईना, म्हणून त्यांनी डाव्या हातानं उजवा हात वर उचलला. किती वाजले ते पाहिलं. मग मोठा श्वास सोडून हात छातीवर ठेवला.

भाभी तिथेच खाली बसून रडायला लागली. "मैं पागल जैसी कढ़ी घोट रही थी," ती म्हणाली, आणि रडता रडता हसली. बीजीही हसल्या, अर्ध्या तोंडानं. इस्पितळातून आल्यापासून त्या पहिल्यांदाच हसत होत्या.

घरी येताना मी आईला विचारलं, "हा शब्द तुला त्यांनी कधी शिकवला होता?"

"घडीचा? नाही."

"मग?"

"अवो, घर, धूप, बहीण, सगळे तसेच खाली जातात ना. मग घडी कायले नाही जाणार?"

तिला त्यात काहीच विशेष वाटत नव्हतं. मला मात्र दिवसभर दुसरं काही सुचलं नाही. तिनं शब्द पाठ केले नव्हते. त्या सगळ्या शब्दांतून एक चाल तिच्या कानात बसली होती, आणि आयुष्यात त्या तोंडून कधी लक्ष देऊन न ऐकलेल्या शब्दाला तिनं ती लावली.

त्यानंतर ती रोज सकाळी त्यांच्याकडे जाऊ लागली. आठवड्यातून काही दिवस एक स्पीच थेरपिस्ट मुलगी दुर्गहून यायची. फार गोड मुलगी. तिनं पहिल्या भेटीत आईला बाजूला बसायला सांगितलं आणि दुसऱ्या भेटीत आपल्या शेजारी. एका सुट्टीच्या दिवशी तिनं मला समजावलं. बीजींच्या जिभेला आणि ओठांना आता अक्षरं नीट घडवता येत नाहीत, क आणि घ, त आणि ध यांच्या कडा बोथट झाल्यात. पण गळा त्या मानानं वाचलाय. आवाज वरखाली करणं त्यांना अजून जमतं. "और आंटी के कान में," ती म्हणाली, "ठीक वही बचा है." अक्षरांच्या कडा आईला तशाही ऐकू येत नाहीत, म्हणून त्या बोथट झाल्याचं तिला आमच्याइतकं खटकतही नाही. ती आधीपासून सूरच ऐकत होती. हे सांगताना त्या मुलीचा चेहरा उजळला होता. ती म्हणाली, असं तिनं आजवर कधी पाहिलं नव्हतं.

मीही शिकायचं ठरवलं. आई माझी मास्तरीण. तिची पद्धत तिचीच होती. ती तोंड बंद ठेवून शब्द नुसता गुणगुणायची, हूं, हूं, आणि मला ओळखायला लावायची: कढी, घडी की कडी. अक्षरं नाहीतच, त्यामुळे कानाला लपायला जागा नाही. मी सतत चुकायची. का चुकते, ते मला हळूहळू उमजलं. मला सूर ऐकू येत होता, पण मी त्याचा अर्थ भलताच लावत होते. आपल्याकडेही सूर असतो. रायपुरात कुणी 'हव', म्हणजे हो, म्हटलं तर त्या एका शब्दात होकार, कंटाळा, संशय, काय काय असतं, आणि ते सगळं आवाजाच्या चढउतारात. आपला सूर माणसाचं मन सांगतो. बीजींचा तर शब्दच त्यावर उभा. त्यांचा आवाज बुडी मारायचा आणि मला वाटायचं, त्या नाराज आहेत. इतकी वर्षं मी त्यांना जराशी कुरकुरी बाई समजत आले होते. त्या बिचाऱ्या नुसतं धूप आणि घर म्हणत होत्या.

आईला सांगितलं तर ती म्हणाली, "मले बी आधी तसंच वाटे. मग ते मनातून काढून टाकलं. राग पायचा असन त तिच्या डोळ्यात पाय."

किती दिवस गेले ते सांगता येणार नाही. एका संध्याकाळी ऑफिसातून आले, फाटकाशी चपला काढत होते. शेजारच्या खिडकीतून बीजींचा आवाज आला. त्या भाभीला काहीतरी मागत होत्या आणि मी मनात म्हटलं, झगा पाहिजे वाटतं, अंगात घालायला काहीतरी, थंडी वाजत असेल. आत भाभी म्हणत होती, "क्या बीजी? क्या चाहिए?" तेव्हा माझ्या लक्षात आलं की बीजी 'चग्गा' म्हणाल्या होत्या. तोंडातून च आला होता. मी झ ऐकला होता. मी तो शोधला नव्हता, आवाज खाली गेला का असा विचारही केला नव्हता. तो तिथे होताच. मी खिडकीकडे तोंड करून ओरडले, "भाभी, झग्गा! स्वेटर-वेटर!" आणि धावत घरात जाऊन आईला सांगितलं. आईनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला, मी परीक्षेत पास झाल्यावर फिरवायची तसा.

मग आईची कानाची मशीन आली. तिनं ती लावली आणि घाबरली. नळाचं पाणी, पोळी शेकण्याचा आवाज, कागद, सगळं एकदम अंगावर आलं. हळूहळू तिला सवय झाली. टीव्हीला, फोनला, विहारात ती लावते. बीजींकडे जाताना मात्र काढून ठेवते. मी कारण विचारलं तर म्हणाली, "ते लावली का तिचा आवाज पत्र्यावर गारा पडल्यासारखा लागते. नुसता खडखड. मग तिचं आतलं ऐकू येत नाही." डॉक्टरांना सांगितलं तर ते म्हणाले, मशीनचं सेटिंग थोडं बदलून देतो. त्यांनी ते बदलूनही दिलं. आई अजून काढूनच जाते.

बीजी पुष्कळ सुधारल्या. हिंदी तुकड्यातुकड्यांनी परत आली. आधी भाज्यांची नावं, मग नातवाला दटावण्याची वाक्यं. काठी घेऊन त्या अंगणापर्यंत येतात. भाभीनंही आता बरंच पकडलंय. ती आईसारखी हात खालीवर करून बघते, आणि चुकली की बीजी लगेच मान हलवतात. स्वयंपाकघरातून ती मधूनच ओरडून विचारते, "ऊपर वाला या नीचे वाला?"

या हिवाळ्यात बीजींची धाकटी बहीण लुधियान्याहून आली. धिप्पाड, बोलकी बाई. आली तेव्हा आई नेहमीसारखी पलंगाशेजारी स्टुलावर बसली होती, मशीन न लावता. मीही होते, सुट्टी होती. बहिणीनं आईला नमस्कार केला, खुर्चीवर बसली, आणि आईच्या बारीक मनगटांकडे बघत बीजींना झपाट्यानं पंजाबीत म्हणाली, "एह तां पुक्खी लगदी ए. कर वाले रोटी नहीं देंदे?"

भाभीला काही कळलं नाही. मला त्यातला 'पुक्खी' कळला, आणि कान गरम झाले.

आई शांतपणे हिंदीत म्हणाली, "भूखी नहीं हूं जी. बेटी अच्छे से खिलाती है. शरीरच ऐसा है."

बहिणीचं तोंड उघडंच राहिलं. मग ती इतक्या जोरात हसली की भाभीच्या हातातला ट्रे हलला. ती उठून आईला मिठी मारून म्हणाली, माफ करा, माफ करा. आणि मग तिनं परीक्षाच घ्यायला घेतली. एकामागून एक शब्द, आईनं ओळखायचे. आईनं बरेच ओळखले. काही चुकले, बहीण फार भरभर बोलायची आणि तिची बोलण्याची तऱ्हाही बीजींहून जरा वेगळी होती, तिच्या बुड्या उथळ होत्या. दोन-तीन शब्द चुकल्यावर आईचा चेहरा जरा उतरला.

तेव्हा बीजी उशीवरून पुढे वाकल्या. त्यांनी डावा हात उचलून बहिणीच्या तोंडासमोर धरला आणि तो सावकाश खाली नेला, मग वर. जड जिभेनं, पण प्रत्येक शब्द वेगळा काढत, त्यांनी बहिणीला पंजाबीत सांगितलं, "हौली बोल. ठीक तरां बोल. मेरी पैण सुण रई ए."

म्हणजे, सावकाश बोल, नीट बोल, माझी बहीण ऐकतेय.

बहिणीनं आधी बीजींकडे पाहिलं, मग आईकडे. नंतर तिनं खुर्ची पुढे ओढली, घसा साफ केला, आणि शेवटचा चुकलेला शब्द पुन्हा म्हणाली, या वेळी एखाद्या शहाण्या विद्यार्थिनीसारखी. आईनं डोळे मिटले. भाभी ट्रे खाली ठेवून दाराशी उभी राहिली, आणि आईचा मांडीवरचा हात हळूच खाली गेला.